जुन्या बाथटबला दिलेला थर टिकत नाही?

जळगाव-धुळ्याकडे टबचा पिवळेपणा निघेना, की एकच सल्ला मिळतो: फोडा, नवा बसवा, वरून रंगाचा नवा थर दिला तर वर्षभरात पोपडे निघतात. पोपडे निघतात, पण ते अर्धवट तयारीमुळे. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. क्षार आणि साबणाचा चिकटा टबावर असा बसतो की हात फिरवला तर खरखर लागते. त्यावर मारलेला थर क्षाराला चिकटतो आणि क्षारासकट सुटतो.

म्हणून आधी क्षार काढा, कडेचं जुनं सिलिकॉन खरवडा, पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण घालवा, टब कोरडाठाक करा. मगच प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला हात, आणि त्यावर दोन भाग मिसळून लावायचा, वाळून कडक होणारा इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन रंग. गळका नळ असेल तर तो त्याआधीच दुरुस्त करा. मे महिन्यात मिश्रण डब्यातच लवकर आवळतं, तेव्हा काम सकाळीच उरका. वाफा घातक असतात: खिडकी उघडी, योग्य मास्क, मुलं लांब. यात हयगय नकोच.

डब्यावर लिहिलेला वेळ, साधारण २४ ते ४८ तास, पाणी लावू नका. पुढे सफाईला अ‍ॅसिड वापरलं नाही तर थर कित्येक वर्षं टिकतो. पत्रा गंजून भोक पडलं असेल किंवा तळ दबत असेल, तर मात्र टब बदलाच.