गेटबाहेरचं रॅगिंगही रॅगिंगच

‘कॉलेजच्या गेटबाहेर, भाड्याच्या खोलीवर घडलं ते रॅगिंग नव्हे,’ असं सीनियर पोरं नव्या मुलांना वर्षानुवर्षं ऐकवत आलीत. साफ खोटं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगबंदी कायद्यात संस्थेच्या ‘आत किंवा बाहेर’ असं स्पष्ट म्हटलंय. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद, शिवाय १० हजारांपर्यंत दंड. गुन्हा सिद्ध झाला की कॉलेजातून हकालपट्टी आणि पुढची ५ वर्षं दुसरीकडेही प्रवेश बंद. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखांना ७ दिवसांत चौकशी करावीच लागते. ती टाळली, तर त्यांनीच गुन्ह्याला साथ दिली असं कायदा मानतो. (‘आपसांत मिटवा’ म्हणणाऱ्यांना हे कलम बहुधा कुणी दाखवलेलं नसतं.) देशभराची हेल्पलाइन: १८००-१८०-५५२२.