काळा झेंडा आणि चार तळहातांएवढं रबर

"मामा, कुणाला साधा धक्कासुद्धा लागला नाही. मग काळा झेंडा कशाला?"

हेल्मेट काढता काढता भाच्याने विचारलं. चेहरा लाल, अर्धा उकाड्याने आणि अर्धा रागाने. पहाटे साडेचारला आम्ही मुलुंडहून निघालो होतो. एक्स्प्रेस-वेवर वडा आणि दोन दोन चहा झाले, घाट चढून पलीकडच्या एका छोट्या ट्रॅकवर पोहोचलो. मुंबईत हे करायला जागाच नाही. मोठे ट्रॅक हवे असतील तर चेन्नईजवळचं श्रीपेरुंबुदूर, कोइमतूर किंवा थेट ग्रेटर नोएडा गाठावं लागतं.

'ट्रॅक डे' म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, आपलीच गाडी न्यायची आणि मोकळ्या ट्रॅकवर ती किती वळते, किती थांबते ते पाहायचं. कुणाचा पहिला नंबर नाही, कुणाला बक्षीस नाही. सकाळी गाडीची तपासणी होते. चाकांचे नट आवळलेत का, बॅटरी घट्ट बसली आहे का हे पाहतात आणि गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढायला लावतात. डॅशबोर्डवर टेपने चिकटवलेल्या गणपतीकडे पाहून तपासणारा अदबीने म्हणाला, "बाप्पांना आज बाहेर बसवा." त्याचं बरोबरच होतं. जोरात ब्रेक मारला की बाप्पा काचेवर आणि पाण्याची बाटली पेडलखाली.

भाच्याचा गुन्हा असा. एका उजव्या वळणावर त्याच्या गाडीचं मागचं बूड सुटलं. त्याने उलटं स्टिअरिंग मारून ती सावरली. पुढच्या फेरीत तेच मुद्दाम केलं, त्याच्या पुढच्या फेरीत आणखी झोकात. तिसऱ्या वेळी मार्शलने, म्हणजे ट्रॅकवर लक्ष ठेवणाऱ्याने, काळा झेंडा दाखवला. अर्थ एकच: मुकाट्याने पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या थांबतात तिथे, या. त्याला वाटलं, म्हाताऱ्यांना मजा बघवत नाही. मला विचाराल तर त्या झेंड्यामागे शिष्टाचार थोडा आणि पदार्थविज्ञान जास्त होतं.

गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढी. हजार-बाराशे किलोचं धूड वळवणं, थांबवणं, पळवणं हे सगळं या चार तळहातांएवढ्या रबरावर. पकड येते दोन मार्गांनी. रबर डांबराला रेणूंच्या पातळीवर चिकटतं, आणि खडीच्या टोकांवर दबून पुन्हा उसळताना ऊर्जा खातं. दोन्हीसाठी रबराने थोडं ताणलं जावं लागतं, थोडं सरकावं लागतं. गंमत म्हणजे वळणावर टायरचं तोंड जिकडे असतं, बरोबर तिकडे टायर जात नाही. दोन दिशांत काही अंशांचा फरक राहतो. त्याला स्लिप अँगल म्हणतात. साध्या रस्त्यावरच्या टायरची पकड हा कोन साधारण 6 ते 10 अंश असताना सर्वांत जास्त असते. म्हणजे उत्तम वळणारी गाडीसुद्धा किंचित घसरतच असते. 'अजिबात न घसरता' वळणं असं काही नसतंच.

भानगड शिखर ओलांडल्यावर होते. कोन आणखी वाढला की पकड वाढत नाही, उतरू लागते. टायरचा पृष्ठभाग घासून तापतो आणि तुपकट होतो.

आकडे घालून पाहू. 30 मीटर त्रिज्येचं वळण आहे आणि घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, 0.9 आहे असं धरा, म्हणजे कोरडं, चांगलं डांबर. तिथे गाडी फार तर ताशी 58 किलोमीटरने वळू शकते. घसरू लागल्यावर तोच अंक 0.75 वर आला तर मर्यादा होते 53. म्हणजे 58 वर सुटलेली गाडी परत पकडीत यायला वेग ताशी पाचेक किलोमीटरने तरी उतरावा लागतो, आणि तो उतरेपर्यंत गाडी वळणाच्या बाहेर बाहेर जात राहते. ती किती बाहेर जाईल हे त्या क्षणी कोणीच सांगू शकत नाही, चालवणारासुद्धा नाही.

ही पकड वाटून घ्यावी लागते. वुनिबाल्ड काम नावाच्या जर्मन अभियंत्याच्या नावाने एक वर्तुळ ओळखलं जातं. टायर कोणत्याही दिशेला किती बळ देऊ शकतो, त्याची ती हद्द. सोपं करून सांगायचं तर पगार एकच आणि त्यातून भाडंही द्यायचं, किराणाही भरायचा. सगळा पगार वळण्यात गेला असेल तर ब्रेकसाठी शिल्लक शून्य. तरीही ब्रेक दाबलात तर वळण्यातली पकड जाते.

भाच्याने ब्रेक दाबला नव्हता. तो वळणात वेगाने शिरला, मग घाबरून रेसवरचा पाय झटकन काढला. पाय काढला की इंजिन गाडीला अडवतं, वजन पुढे कलतं. किती? हजार किलोची गाडी, पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर अडीच मीटर, वजनाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर. कडक ब्रेक मारला तर मागच्या टायरांवरचा दीडशे किलोहून जास्त भार पुढे जातो. नुसता पाय काढल्यावर जातो त्याहून बराच कमी, पण मागचे टायर आधीच हद्दीवर होते. हलके झाले आणि सुटले. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकचं बूड सुटतं ते बहुधा असंच. लोकांना वाटतं, असला पराक्रम फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्याच करतात.

इथे कबूल करतो, पहिल्या वेळी त्याने गाडी सुरेख सावरली. पण सावरण्याचीच एक वाईट बाजू आहे. स्टिअरिंग उलटं धरलेलं असताना मागच्या टायरांना एकदम पकड आली, तर पुढची चाकं जिकडे वळलेली आहेत तिकडे गाडी फेकली जाते. डावीकडे चाललेली गाडी पापणी लवायच्या आत उजवीकडे. मागून येणाऱ्याने तिचा अंदाज डावीकडचा बांधलेला असतो.

नियमाचं मूळ नेमकं इथेच आहे. ताशी 100 ला गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते. 30 मीटर मागे असलेल्या माणसाकडे तुमची चूक पाहून, समजून, पाय हलवायला जेमतेम एक सेकंद असतो. म्हणून ट्रॅक डेला ओव्हरटेक सरळ पट्ट्यावरच, आणि तोही पुढच्याने हात बाहेर काढून 'या बाजूने जा' असं दाखवल्यावर. तुम्ही कुठल्या रेषेने जाणार हे दुसऱ्याला आधी कळलं पाहिजे, एवढीच सगळी मेख. विरार लोकलच्या दारात उभं राहणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. उतरणारा कुठून येणार हे माहीत असतं म्हणून ते दार निभतं. मधेच कोणी आडवा फिरला की मग सगळे पडतात.

गाडी पूर्ण गरगरलीच, तर सगळीकडे एकच धडा शिकवतात. क्लच आणि ब्रेक, दोन्ही पाय तळाशी, आणि गाडी थांबेपर्यंत सोडायचे नाहीत. क्लचमुळे इंजिन बंद पडत नाही. ब्रेकचं कारण जास्त मजेशीर आहे. चारही चाकं आवळली गेली की गाडी ज्या दिशेला चालली होती साधारण त्याच दिशेला घसरत जाते. मागचा तिला चुकवू शकतो. अर्ध्यात ब्रेक सोडलात तर टायर जागे होतात आणि गाडी भलतीकडेच उसळते, कधी पुन्हा ट्रॅकच्या मध्यावर. एबीएस असलेल्या गाडीत चाकं पूर्ण आवळली जात नाहीत, त्यामुळे हिशेब इतका नेटका राहत नाही, पण वेग तरी लवकर मरतो.

गवताचा भरवसा धरू नका. ताशी 100 वरून कोरड्या डांबरावर गाडी 44 मीटरांत थांबू शकते. घर्षणांक 0.3 असलेल्या ओलसर गवतावर तिला 130 मीटर लागतात. तिथे ट्रॅकची भिंत किती लांब आहे ते आधी पाहून ठेवावं.

घसरण्याचा आणखी एक उपद्रव इतरांना होतो. टायर खरवडला जाऊन रबराच्या काळ्या गोळ्या आणि शेवया वळणाच्या बाहेरच्या बाजूला साचतात. त्यांवर चाक गेलं की बॉल बेअरिंगवर पाऊल ठेवल्यासारखं होतं. कडेला उतरून परत येणारी गाडी माती आणि खडे ओढून आणते. मग मार्शल पिवळ्यावर लाल उभ्या पट्ट्यांचा झेंडा फडकावतो: पुढे निसरडं आहे. एकाच्या हौसेपायी बाकीच्या पंधरा जणांच्या फेऱ्या मंद होतात.

आणि भाच्याने एक गोष्ट मला सांगितलीच नव्हती. त्याने डॅशबोर्डवरचं बटण दाबून ईएससी बंद केलं होतं. गाडी स्टिअरिंगच्या मानाने जास्त किंवा कमी वळते आहे हे ओळखून ही यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावते. चार चाकांना चार वेगवेगळे ब्रेक लावणं माणसाच्या एका पायाला जमणारं नाही. सकाळच्या सूचनांत नवख्यांनी ती चालू ठेवावी असं सांगितलं होतं. तेव्हा साहेब मोबाइलवर स्टोरी टाकत होते.

मग घसरायचंच नाही का? घसरावं, अवश्य. न घसरता हद्द कळत नाही. पण त्याची जागा वेगळी. सत्तरच्या दशकात जपानच्या डोंगरी वळणांवर वाढलेला ड्रिफ्ट आज रीतसर खेळ आहे. तिथे गाडीचा कोन, रेषा आणि वेग यांना गुण मिळतात, आणि ती घसरणार हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं. शिकायला उत्तम म्हणजे पाणी मारलेलं गुळगुळीत मैदान. 15 मीटरच्या वर्तुळात कोरड्यावर गाडी सुटते ताशी 41 ला, घर्षणांक 0.3 वर आणला की 24 लाच. गतिज ऊर्जा थेट तिसरा हिस्सा. चूक तीच, शिक्षा स्वस्त.

रस्त्यावर मात्र नाही. मोटार वाहन कायद्याच्या 184 आणि 189 या कलमांत धोकादायक चालवणं आणि रस्त्यावरच्या शर्यती येतात. शिवाय विम्याच्या साध्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, ते कलम ट्रॅकवर जाण्याआधीही वाचलेलं बरं. मुंबईत तर फुकटचं निसरडं मैदान दर जूनला मिळतं. सात-आठ महिने डांबरावर बसलेलं तेल, धूळ, रबर पहिल्या सरीत वर येतं आणि धुऊन जाईपर्यंत साबणासारखं राहतं. मघाचं 58 चं वळण घर्षणांक 0.5 झाला की 44 चं होतं, आणि टायर गोटा झाले असतील तर त्याहून कमी. फ्लायओव्हर उतरताना पुढचा रिक्षावाला मधेच थांबला तर हा सगळा हिशेब दोन सेकंदांत करावा लागतो.

दुपारी त्याला ओल्या मैदानावर पाठवलं. पहिली दहा मिनिटं तो शंकूच आडवे करत होता. मग डोळे शंकूवरून काढून जायचं तिकडे ठेवायला शिकला आणि हात आपोआप शांत झाले. बाहेर येऊन थांबला तेव्हा मी त्याचा हँडब्रेककडे गेलेला हात धरला. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवला तर पॅड चिकटू शकतात. गाडी गिअरमध्ये लावली. टायरची हवा मोजली. सकाळी 32 होती, आता 38. हवा तापली की दाब वाढतो, शाळेतलाच नियम.

रात्री मुलुंडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताई बॅटरी घेऊन खाली आली. गाडीच्या मागच्या चाकांच्या कमानीत, दाराच्या खालच्या पट्टीवर काळ्या शेवया चिकटल्या होत्या. तिने एक नखाने खरवडून काढली आणि लेकाकडे पाहिलं. "हे काय रे?"

"दुसऱ्याचे टायर," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "थोडे माझेपण."