टॅरँट्युला चावला की माणूस मरतो?

साताऱ्यात कुणी टॅरँट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळायचं म्हटलं, की घरातून पहिलं वाक्य ठरलेलं: "चावला तर मेलास!" ही भीती जुनी. नाव इटलीतल्या तारांतो शहरावरून आलं. तिथे कोळी चावला की बेभान नाचून विष उतरवायचं, अशी समजूत होती. आणि तो कोळी मुळात टॅरँट्युला नव्हताच, तो लांडगा-कोळी!

नवख्यांना सुचवतात त्या चिलीयन रोझ किंवा मेक्सिकन रेड-नी या जातींचा चावा साधारण गांधीलमाशीच्या डंखाइतका. ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. खरा त्रास केसांचा. डिवचलं की कोळी मागच्या पायांनी पोटावरचे बारीक केस उडवतो. हाताला नुसती खाज सुटते, डोळ्यात गेले तर थेट डॉक्टर गाठायचा.

उलट जपायचं त्यालाच. हातभर उंचीवरून पडला तरी पोट फुटून मरू शकतो. म्हणून डबा बुटका आणि कोकोपीटचा (नारळाच्या भुश्याचा) थर जाड. एखाद्या सकाळी तो उताणा, पाय वर करून दिसेल. फेकू नका! कात टाकतोय. हातही लावू नका.

मात्र सह्याद्रीतल्या झाडांच्या ढोलीतला पोइसिलोथेरिया हा टॅरँट्युला धरून आणायचा विचारही नको. त्याच्या चाव्याने स्नायूंत जबर पेटके येतात. शिवाय तो आणि रेड-नी दोघेही साइटिसच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा पाळीव प्राण्यांची नोंदणी लागते. विकणाऱ्याकडे आधी कागद मागा. मादी घेतलीत तर वीसेक वर्षं सांभाळायची, हे घरी आधीच सांगितलेलं बरं.