बोरॉनन्यूनता, वनस्पतींतील

बोरॉन या सूक्ष्म अन्नद्रव्याच्या तुटवड्यामुळे वनस्पतीच्या ऊतकांत होणारे विकार आणि त्यांबरोबर आढळणारा अंतर्गत वहनातील बिघाड. बोरॉनची आवश्यकता सिद्ध केल्याचे श्रेय सामान्यतः कॅथरिन वॉरिंग्टन यांना दिले जाते (रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्र, इंग्लंड; १९२३). त्यांचे प्रयोग मुख्यतः बाकल्यावर होते. फ्रान्समध्ये मझे यांनी मक्याबाबत तत्पूर्वीच तसे सुचविले होते, परंतु वॉरिंग्टन यांचा पुरावा अधिक निर्णायक मानतात. बोरॉन आवश्यक नाहीच, असे मत डी. एच. लुईस यांनी २०१९ मध्ये मांडले. ते फारसे स्वीकारले गेलेले नाही.

न्यूनतेचा पहिला आघात वाढत्या टोकांवर होतो. मुळांची लांबी वाढणे थांबते, शेंडा मरतो. खोडात ऊतककराच्या (नवीन वाहक ऊतके निर्माण करणाऱ्या थराच्या) कोशिका अवाजवी वाढतात, पण त्यांपासून प्रकाष्ठ (पाणी वाहणारे ऊतक) नीट घडत नाही. परिकाष्ठातील (शर्करा वाहणाऱ्या ऊतकातील) कोशिका मरतात आणि त्यातील चालनी पट्टांवर (सच्छिद्र आडव्या भित्तींवर) कॅलोज हे छिद्रे बुजविणारे कर्बोदक साचते. फुलकोबीचे पोकळ खोड, सेलरीच्या देठावरील आडव्या भेगा व बीटचा सडलेला गाभा ही याचीच दृश्य रूपे होत.

शर्करावहनाशी बोरॉनचा संबंध नेमका कोणता, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा ठरला. गॉच आणि डगर यांनी १९५३ मध्ये असे प्रतिपादन केले की, शर्करा बोरेटशी (बोरिक अम्लापासून बनणाऱ्या आयनाशी) संयोग पावून कोशिकापटलातून सुलभतेने पार होते. मात्र वहन होते ते प्रामुख्याने सुक्रोजचे, आणि सुक्रोजचा बोरेटशी संयोग दुर्बळ असतो. शिवाय टोकांची वाढ खुंटल्यावर तेथील शर्करेची मागणीच घटते. त्यामुळे मंदावलेले वहन हे विकाराचे कारण नसून परिणाम आहे, हा पक्ष आज अधिक ग्राह्य वाटतो. १९९६ मध्ये त्याला भक्कम आधार मिळाला: कोशिकाभित्तीतील रॅम्नोगॅलॅक्च्युरोनन-२ या पेक्टिनाच्या (भित्तीतील एका जटिल कर्बोदकाच्या) दोन रेणूंना बोरेट एकत्र सांधते, असे दिसून आले. सांधे नसले की भित्ती ठिसूळ होते. तृणधान्यांच्या भित्तींत पेक्टिन कमी असल्याने त्यांची बोरॉनची गरजही द्विदलिकितांपेक्षा कमी असते.

स्वतः बोरॉनचे वहनही एकसारखे नसते. बोरिक अम्ल (बोरॉनचे मुळांतून शोषले जाणारे रूप) बाष्पोच्छ्वासाच्या (पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडण्याच्या) ओघाबरोबर प्रकाष्ठातून जुन्या पानांत पोहोचते आणि बहुतेक जातींत तेथेच अडकून राहते. सफरचंद, बदाम, सेलरी यांसारख्या सॉर्बिटॉल वा मॅनिटॉल ही शर्करा-अल्कोहॉले वाहणाऱ्या वनस्पतींत मात्र त्यांच्याशी संयोग पावून ते परिकाष्ठातून परत फिरते. म्हणून केवळ पानांच्या विश्लेषणावरून सर्व पिकांचे निदान एकाच मापाने करणे योग्य नाही. ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत अभ्यासासाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीमध्ये बोरॉन प्रकाष्ठात भरणारे बीओआर-१ हे वाहक प्रथिन २००२ मध्ये ओळखले गेले.

हलक्या, निचरा होणाऱ्या व चुनखडीयुक्त जमिनींत न्यूनता अधिक आढळते. पुरेशी आणि विषारी मात्रा यांतील अंतर थोडे असल्याने उपचार बेताने करावा लागतो.