पेशीपटल दिसण्याआधी

आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशीची आकृती आधी येते. बाहेर पेशीभित्तिका, तिला आतून टेकलेलं पेशीपटल, मध्ये केंद्रक, तंतुकणिका आणि वनस्पती असेल तर मोठी रिक्तिका. परासरण, म्हणजे पडद्यातून विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पाण्याचं जाणं, त्यानंतर येतं. इतिहास मात्र उलट्या क्रमाने घडला. पटल डोळ्यांना दिसलं १९५० च्या दशकात. ते अस्तित्वात आहे, पाण्याला सोडतं, मिठाला अडवतं, त्याची जाडी जेमतेम दोन रेणूंची आहे, एवढं सगळं त्याआधीच दाब, वजन आणि क्षेत्रफळ मोजून ठरलं होतं.

कोकणात या मोजमापांमागची घटना दर उन्हाळ्यात बरणीत घडते. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की रात्रीतून पाणी सुटतं. त्या वेळी पेशी जिवंत असतात, म्हणून पाणी बाहेर येतं आणि मीठ बरंचसं पटलापाशी अडतं. पुढे पेशी मरतात, पटल निकामी होतं, मीठ आत शिरतं आणि फोड आतपर्यंत खारट होते. फोडी मुरतात म्हणजे पेशीपुरतं बोलायचं तर त्यांची राखण संपते. खाराच्या वर आलेल्या फोडीला मिठाचं संरक्षण मिळत नाही आणि तिच्यावर बुरशी धरते. फोडींवर दगड ठेवायचा तो यासाठी.

या घटनेचा पहिला नोंदलेला प्रयोग १७४८ चा. पॅरिसच्या नोले यांनी मद्यार्काने भरलेल्या भांड्याचं तोंड प्राण्याच्या मूत्राशयाच्या कातडीने बांधलं आणि ते पाण्यात बुडवलं. पाणी आत शिरलं, कातडी फुगली. १८२० च्या दशकात द्युत्रोशे यांनी हीच ओढ सजीवांच्या पेशींशी जोडली. पण कातडीचा पडदा सगळंच थोडंथोडं झिरपू देतो, त्यामुळे आकडा हाती लागेना.

तो लागला १८७७ मध्ये, विल्हेल्म फेफर यांच्या मातीच्या भांड्यात. ट्राउबे यांनी दहा वर्षं आधी तांब्याच्या क्षारापासून एक कृत्रिम पडदा बनवला होता, पण तो इतका नाजूक की दाब आला की फाटायचा. फेफर यांनी तो सच्छिद्र भांड्याच्या भिंतीतच बसवला. बाहेरून मोरचूद, आतून पोटॅशियम फेरोसायनाइड, आणि दोघांची गाठ पडते तिथे तपकिरी थर. सांगायला सोपं आहे, करायला नाही. भांडं आधी सौम्य अल्कली आणि आम्लाने धुवावं लागे. भिंतीच्या छिद्रांतली हवा पंपाने काढावी लागे, कारण एक बुडबुडा राहिला तरी तिथे पडद्याला भोक पडे आणि साखर निसटे. इतकं जमल्यावर १ टक्का साखरेच्या द्रावणाने सुमारे १४ अंश सेल्सियसला ५३.५ सेंटिमीटर पारा उचलून धरला; हाच त्याचा परासरणी दाब. वान्ट हॉफ यांनी १८८० च्या दशकात दाखवून दिलं की विरळ द्रावणातले रेणू जणू वायूचे असावेत असं धरून हिशेब केला तरी जवळपास तेवढंच उत्तर येतं. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल, १९०१ चं, त्यांना मिळालं.

हा आकडा वान्ट हॉफ यांच्या कानावर घातला तो हुगो द व्रीस यांनी. द व्रीस यांचं मोजमापाचं साधन म्हणजे एक शोभेचं झाड होतं. त्याचं पान वरून हिरवं, खालून जांभळं. कोकणातल्या कॉलेजांच्या आवारात हे झाड कुंडीत दिसतं, आणि रससंकोचाच्या प्रॅक्टिकलला ‘रिओ’ म्हणून त्याचंच पान तोडतात. प्रयोगही बहुतेक तोच आहे. खालच्या बाजूची पातळ जांभळी साल काढायची, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायची, मग कागदाने पाणी टिपत साखरेचं किंवा मिठाचं द्रावण सोडायचं. काही मिनिटांत रंगीत रस भित्तिकेपासून सुटून आकसतो. निम्म्या पेशींत आकसणं नुकतंच सुरू होतं ती तीव्रता म्हणजे पेशीरसाची तीव्रता. प्रयोग फसतो तो ठरावीक ठिकाणी. साल जाड निघाली की हिरव्या पेशींचा थर आड येतो. द्रावण फार कडक घेतलं की पेशी मरतात आणि जांभळा रंग बाहेर पसरतो. तो रससंकोच नव्हे, पटल फुटल्याची खूण. खरा रससंकोच असेल तर साध्या पाण्यात रस पुन्हा पसरतो. ही उलट तपासणी प्रॅक्टिकलमध्ये वेळेअभावी गाळतात. गाळू नये.

द व्रीस यांच्या मोजणीत क्षारांचा एक रेणू साखरेच्या एका रेणूपेक्षा जास्त काम करताना दिसला. क्षार पाण्यात तुटून त्याचे आयन होतात, हे अऱ्हेनियस यांचं म्हणणं त्यामुळे बळकट झालं. त्या हिशेबाने ३.५ टक्के क्षारांच्या समुद्राच्या पाण्याचा परासरणी दाब सुमारे २५ ते २७ वातावरणांचा, म्हणजे पाण्याच्या अडीचशे मीटरहून उंच स्तंभाएवढा होतो. खारेपाटात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतीत, उधाणाला बांधाला खांड गेली की भात पाण्यात उभं राहून वाळतं ते यामुळे. मुळाच्या पेशीतल्या रसाची ओढ खाडीच्या पाण्यापुढे तोकडी पडते. भाताचं उत्पन्न मातीच्या अर्काची विद्युतवाहकता (मीठ जितकं जास्त तितकी ती जास्त) ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की घटू लागतं, आणि समुद्राचं पाणी पन्नासच्या आसपास असतं. म्हणून खांड बुजवली की लगेच ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, पाणी काढायचं, पावसाचं गोडं पाणी कोंडायचं, पुन्हा सोडायचं. मध्ये पावसाने उघडीप दिली तर बाष्पीभवनाबरोबर मीठ वर चढतं आणि आधीची मेहनत वाया जाते.

आता पडदा कशाचा, हा प्रश्न. ओव्हरटन यांनी १८९० च्या दशकात शेकडो पदार्थ पेशींवर सोडून पाहिले. साखरेत रस आकसून तसाच राही. ग्लिसरीनमध्ये आकसून हळूहळू आपोआप पूर्ववत होई, म्हणजे ग्लिसरीन आत शिरत होतं. मद्यार्कात मुळीच आकसत नसे. जे तेलात जितकं सहज विरघळतं ते तितकं लवकर आत जातं, असा कल दिसला. म्हणजे पडदा स्निग्ध.

१९२५ मध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद काढून पाण्यावर एकेरी थरात पसरला. त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं, म्हणून मेदाचा थर दुहेरी. निष्कर्ष बरोबर, वाट मात्र चुकांची. त्यांच्या ॲसिटोनने सगळा मेद निघाला नव्हता, आणि वाळलेल्या पेशी मोजल्यामुळे पृष्ठभागही कमी धरला गेला. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडलं. नशिबाचा इतका हात असलेला आणि तरी टिकलेला निष्कर्ष जीवशास्त्रात विरळा.

पुढची पायरी थोडक्यात सांगता येते. १९३५ मध्ये डॅनिएली आणि डॅव्हसन यांनी मेदाच्या दोन्ही बाजूंना प्रथिनांचं अस्तर कल्पिलं. रॉबर्टसन यांना १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीत दोन काळ्या रेषा आणि मधली फिकी पट्टी दिसली, एकूण जाडी साधारण ७.५ नॅनोमीटर. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन यांनी प्रथिनं अस्तरासारखी नसून मेदात रुतलेली आणि तरंगती असल्याचं मांडलं.

पण स्निग्ध पडद्यातून आयन जाणार कसे? याचं एक उत्तर चिंबोरीच्या नात्यातल्या एका प्राण्याने दिलं. येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये किनाऱ्यावरच्या खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंपासून एक विकर वेगळं केलं. ते एटीपी हे पेशीतलं ऊर्जावाहक रसायन खर्चून ३ सोडियम आयन बाहेर काढतं आणि २ पोटॅशियम आत घेतं. १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा स्कू यांना यासाठी मिळाला. पाण्याचा वाटा आणखी उशिरा उलगडला. १९९२ मध्ये पीटर ॲग्रे यांच्या गटाने रक्तपेशीतलं एक प्रथिन बेडकाच्या अंडपेशीत तयार करवलं, आणि गोड्या पाण्यात टाकताच ती अंडपेशी फुगून फुटली. असल्या एका मार्गिकेतून सेकंदाला सुमारे ३ अब्ज पाण्याचे रेणू जातात.

हे दोन्ही धागे खाडीकाठच्या कांदळवनात एकत्र येतात. पेर शोलांडर यांनी १९६० च्या दशकात तोडलेली डहाळी दाबपात्रात घालून, कापलेल्या तोंडाशी रस उगवेपर्यंत वायूचा दाब वाढवत नेला. खारफुटीत ३० ते ६० वातावरणांची ओढ निघाली, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या परासरणी दाबापेक्षा जास्त. कांदळ या ओढीच्या जोरावर मुळाशीच बहुतेक मीठ गाळून टाकतो. तिवर या दुसऱ्या खारफुटीच्या रसात त्यामानाने सुमारे दहापट मीठ येतं, आणि ते पानांवरच्या क्षारग्रंथींतून बाहेर पडतं. त्या ग्रंथींच्या पेशी ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांनी खच्चून भरलेल्या असतात, कारण आयन चढणीला ढकलायचे तर ऊर्जा लागते. ते मीठ पाहायचं तर पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये. जूनच्या पहिल्या सरींत ते धुऊन जातं.