जुन्या गाडीला एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची का? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

गाडी पसंत पडली, भाव जमला, टोकन दिलं की लगेच प्रश्न येतो, "वॉरंटी टाकायची का?" त्यावेळी डोक्यात लोन, ट्रान्सफर, इन्शुरन्स असं सगळं एकदमच चालू असतं, त्यामुळं बरेच जण "टाका, दहा-पंधरा हजारानं काय होतंय" म्हणून सही करून मोकळे होतात आणि पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून राहतं. सही करायच्या आधी वाचता यावं म्हणून हे पत्रक काढलंय.

एक गोष्ट आधीच सांगतो. आमच्याकडंपण बाहेरच्या कंपनीची वॉरंटी मिळते आणि ती विकली की आम्हाला कमिशन मिळतं. तरीपण सगळ्याच गाड्यांना ती घ्या असं आम्ही म्हणत नाही, कारण बऱ्याच गाड्यांत ते पैसे वसूल होत नाहीत.

वॉरंटीत काय येतं आणि काय येत नाही

अपघात, चोरी, पाणी हा इन्शुरन्सचा विषय. गाडी नीट वापरत असताना आतला एखादा पार्ट आपोआप निकामी झाला तर तेवढंच वॉरंटी बघते, म्हणजे इंजिनचे आतले पार्ट, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एसीचा कॉम्प्रेसर, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) वगैरे. वापरानं झिजणाऱ्या वस्तू जवळपास सगळ्याच वॉरंट्यांमधून वगळलेल्या असतात. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, वायपर, बल्ब, बेल्ट, रबरी पाइप, बुश आणि कित्येक प्लॅनमध्ये शॉकअपसुद्धा. आता सात-आठ वर्षं जुन्या गाडीवर वर्षभरात खर्च कशाचा निघतो ते तुमच्या मेकॅनिकला विचारा, तो बहुतेक हीच नावं घेईल.

म्हणून साधी पेट्रोल मॅन्युअल गाडी असेल, वॅगनआर, सँट्रो, जुनी स्विफ्ट अशी, सर्व्हिस हिस्ट्री बरी असेल आणि पार्ट सांगली-मिरजेत कुठंही मिळत असतील तर आमचं मत सरळ आहे, वॉरंटी नको. समजा वॉरंटी १४ हजारची सांगितली, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १६ हजार ५२० होतात. तेवढे पैसे बाजूला ठेवा. त्यात क्लचपण बसतो, बॅटरीपण येते, आणि वर्षभर काहीच निघालं नाही तर पैसे तुमच्याच खिशात राहतात.

ऑटोमॅटिक गाडी असेल, टर्बो डिझेल असेल, एप्रिल २०२० नंतरची बीएस सिक्स डिझेल असेल तर हिशोब बदलतो. टर्बो, इंजेक्टर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ह्यातली एक गोष्ट गेली तरी बिल वॉरंटीच्या किमतीच्या कितीतरी पट होतं आणि ते घरच्या बजेटला एकदम झेपत नाही. अशा गाडीला चांगली वॉरंटी मिळत असेल तर आम्ही स्वतःहून घ्या म्हणतो. पण इंजेक्टर, टर्बो, डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट ही नावं त्यात लिहिलेली आहेत का ते बघूनच. "इंजिन कव्हर आहे" असं तोंडी सांगितलेलं धरायचं नाही.

कंपनीची राहिलेली वॉरंटी आधी शोधा

हे फार लोक विचारतच नाहीत. पहिल्या मालकानं कंपनीची एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलेली असेल तर बहुतेक कंपन्यांमध्ये ती नवीन मालकाच्या नावावर होते, त्यासाठी आरसी ट्रान्सफर झाल्यावर शोरूमला अर्ज करावा लागतो. मारुतीनं जुलै २०२४ पासून नवीन गाड्यांची मूळ वॉरंटीच ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली आहे, त्याच्या आधी ती २ वर्षं किंवा ४० हजार होती, त्यामुळं गाडी नक्की कधीची आहे ह्यानं मोठा फरक पडतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. वर्षं मोजायची ती पहिल्या मालकाला डिलिव्हरी मिळाली त्या तारखेपासून, तुम्ही घेतली तेव्हापासून नाही. आणि वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी भरेल तिथं वॉरंटी संपते, म्हणजे रोज सांगली-कोल्हापूर करणाऱ्याची ती वर्षांआधी किलोमीटरनंच संपते.

कंपनीची शिल्लक वॉरंटी आणि बाहेरची नवीन वॉरंटी ह्यात निवडायचं झालं तर आम्ही डोळे झाकून कंपनीची निवडू, कारण काम ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरलाच होतं आणि पार्ट ओरिजिनल बसतो.

क्लेम कुठं अडकतो

आमच्या एका ग्राहकाची गाडी जतहून येताना उन्हाळ्यात गरम झाली. झालं होतं एवढंच की रेडिएटरचा रबरी पाइप फुटून कूलंट गेलं, काटा लाल पट्टीत गेला, पण गाव जवळ आलंय म्हणून गाडी तशीच ओढली आणि हेड गॅसकेट गेलं. हेड वॉरंटीत होतं, तरी क्लेम नाकारला, कारण पाइप हा वगळलेला पार्ट, त्याच्यामुळं झालेलं पुढचं नुकसानपण वगळलेलं, आणि वर गाडी गरम झाल्यावर चालवली म्हणून निष्काळजीपणा धरला. त्या पुस्तकात हे सगळं छापलेलं होतं. त्यांना ते अगोदर कुणी वाचून दाखवलं असतं तर पाच मिनिटं गाडी बाजूला लावून त्यांनी फोन केला असता.

म्हणून काटा वर गेला किंवा ऑइलचा लाल दिवा लागला की इंजिन बंद करा, टोइंग बोलवा. आणि वॉरंटी देणाऱ्या कंपनीची मंजुरी येईपर्यंत कुणालाही इंजिन खोलू देऊ नका, ओळखीचा मेकॅनिक असला तरी. मंजुरीआधी खोललं की क्लेम गेलाच समजा. काही प्लॅनमध्ये तपासणीसाठी खोलायची मजुरीसुद्धा क्लेम नाकारल्यावर ग्राहकाच्याच अंगावर येते, हे घेतानाच विचारून ठेवा.

एक सर्व्हिस चुकली तरी क्लेम अडतो, म्हणून प्रत्येक सर्व्हिसचं किलोमीटर टाकलेलं बिल जपून ठेवा. गाडीला नंतर बाहेरून सीएनजी किट बसवायचं मनात असेल तर वॉरंटीवाल्याला आधीच विचारा, बहुतेक ठिकाणी ते चालत नाही. आणि मीटर मागं फिरवलेला निघाला तर पूर्ण वॉरंटीच रद्द होते, भले तो आधीच्या मालकानं फिरवलेला का असेना.

क्लेम नाकारलाच तर कारण लेखी मागा, कलम नंबरसकट. ते बरोबर वाटत नसेल तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि पुढं जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

आपल्या भागात पाण्याचं आधी बघा

२००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर आपण बघितलेत. पाण्यात बसलेली गाडी धुऊन पुसून पॉलिश करून नंतर बाजारात येतेच, आणि तिच्या वायरिंगचं दुखणं दोन-दोन वर्षांनी वर येतं. अशा गाडीला कुठलीच वॉरंटी उपयोगाची नाही, पुराचं कळलं की क्लेम संपला. गाडी बघताना सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, पुसणारे वरचा भाग पुसतात पण आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाचा डाग राहतो. सीटच्या खालच्या रेलचा गंज, कार्पेटच्या खालची माती, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यातला गाळ हेपण बघा. एसी चालू केल्यावर कुबट वास आला तर आम्हाला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आणि गाडी तुमची झाल्यावर पाणी साठलेल्या रस्त्यात बंद पडली तर परत सेल्फ मारू नका. इंजिनमध्ये पाणी ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो, हे वॉरंटीत नाही आणि साध्या इन्शुरन्समध्येपण बहुतेक मिळत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर लागतं. नदीकाठच्या भागात राहत असाल तर आमच्या मते वॉरंटीच्या आधी त्याच्यावर पैसे घाला. इन्शुरन्स तुमच्या नावावर करायचा अर्ज गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत द्यायचा असतो, तोपण राहू देऊ नका.

वॉरंटीचं पुस्तक किंवा पीडीएफ सही करायच्या आधी आमच्याकडं आणा. गाडी आमच्याकडून घेतलेली असो नाहीतर दुसऱ्या कुणाकडून, आम्ही तुमच्यासमोर बसून वाचतो, कुठला पार्ट आहे, कुठला नाही, एका क्लेमला जास्तीत जास्त किती रुपये मिळतील आणि सुरुवातीचे किती दिवस क्लेमच करता येत नाही, हे पेनानं खूण करून देतो. त्याचे पैसे घेत नाही. येताना आरसी, सर्व्हिसची बिलं आणि जमलं तर गाडीपण घेऊन या.