ज्यूलियन बॉंड: एका खुर्चीसाठी तीन निवडणुका

१० जानेवारी १९६६ रोजी अटलांटात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या नव्या आमदारांचा शपथविधी होता. ज्यूलियन बॉंड या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय सदस्याला मात्र बाजूला थांबायला सांगण्यात आलं. त्याच दिवशी चौकशी झाली आणि सभागृहाने १८४ विरुद्ध १२ मतांनी ठरवलं की याला आत घ्यायचं नाही. आरोप भ्रष्टाचाराचा नव्हता आणि निवडणुकीतल्या गैरप्रकाराचाही नव्हता. बॉंड यांनी व्हिएतनाम युद्धाला विरोध केला होता, एवढंच.

या विधिमंडळाला अशा हकालपट्टीची सवय जुनी होती. यादवी युद्धानंतर तिथे प्रथमच कृष्णवर्णीय सदस्य निवडून आले, तेव्हा सप्टेंबर १८६८ मध्ये गोऱ्या बहुमताने त्यांतल्या बहुतेकांना बाहेर काढलं. कृष्णवर्णीयांना मताचा हक्क मिळाला असला तरी पद भूषवण्याचा हक्क मिळालेला नाही, असा युक्तिवाद होता. हेन्री मॅकनील टर्नर यांनी सभागृहात उभं राहून त्याला सडेतोड उत्तर दिलं, पण हे सदस्य परत आले ते वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारने हस्तक्षेप केल्यावर, १८७० मध्ये. पुढे कायदे आणि दहशत यांच्या जोरावर कृष्णवर्णीय मतदारच यादीतून पुसला गेला.

दार पुन्हा उघडलं ते न्यायालयांमुळे. जॉर्जियात ग्रामीण परगण्यांच्या मताला शहरी मतापेक्षा कितीतरी अधिक वजन असे. १९६३ आणि १९६४ च्या निकालांनी ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व पक्कं केलं, मतदारसंघ नव्याने आखले गेले आणि अटलांटाच्या वाट्याला जास्त जागा आल्या. जून १९६५ च्या विशेष निवडणुकीत १३६ व्या मतदारसंघातून बॉंड ८२ टक्के मतांनी निवडून आले.

तोवर ते ‘स्निक’ या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या विद्यार्थी संघटनेचे प्रसिद्धीप्रमुख म्हणून ओळखले जात. १९६० मध्ये तिच्या स्थापनेतही ते होते. जानेवारी १९६६ च्या पहिल्या आठवड्यात अलाबामातल्या टस्कीगी गावात सॅमी यंग या नौदलातून परतलेल्या तरुणाला, गोऱ्यांसाठी राखलेलं स्वच्छतागृह वापरण्यावरून, गोळी घालण्यात आली. त्यानंतर संघटनेने युद्धविरोधी पत्रक काढलं आणि सक्तीच्या लष्करभरतीला नकार देणाऱ्यांना पाठिंबा दिला. पत्रक बॉंड यांनी लिहिलेलं नव्हतं. पण वार्ताहराने विचारल्यावर ‘मला ते मान्य आहे’ असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. माघार घेतली असती तर खुर्ची बहुधा मिळाली असती. त्यांनी माघार घेतली नाही, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचं मोल इथेच ठरतं.

मार्टिन ल्यूथर किंग याच मतदारसंघाचे रहिवासी होते. त्यांनी मोर्चा काढला आणि या हकालपट्टीविरुद्ध बॉंड यांनी भरलेल्या खटल्यातही नाव दिलं. खालच्या न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी २ विरुद्ध १ असा सभागृहाच्या बाजूने कौल दिला. दरम्यान फेब्रुवारी १९६६ मध्ये रिकाम्या जागेसाठी पुन्हा निवडणूक झाली आणि बॉंड पुन्हा निवडून आले. सभागृहाच्या नियम समितीने पुन्हा नाकारलं. नोव्हेंबरमध्ये ते तिसऱ्यांदा जिंकले. खटल्याच्या प्रत्येक वर्णनात न्यायमूर्ती ठळक असतात, पण त्या वस्तीतले मतदार दीड वर्षात तीनदा रांगेत उभे राहिले, हे सहसा कोणी सांगत नाही.

५ डिसेंबर १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बॉंड यांच्या बाजूने निकाल दिला. तो सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिला. शपथ मनापासून घेतली जाईल की नाही, हे सदस्याची मतं पाहून बहुमताने ठरवायचं नाही, असं त्यात स्पष्ट केलं होतं. वादग्रस्त प्रश्नांवर भूमिका घेणं हे तर लोकप्रतिनिधीचं कर्तव्यच. तसं झालं तरच मतदाराला त्याची पारख करता येते. सामान्य नागरिकाला जेवढं भाषणस्वातंत्र्य आहे, त्याहून आमदाराला कमी नाही.

९ जानेवारी १९६७ रोजी बॉंड यांनी शपथ घेतली. दुसऱ्याच दिवशी याच विधिमंडळाने लेस्टर मॅडॉक्स यांना गव्हर्नर निवडलं, म्हणजे आपल्या उपाहारगृहात कृष्णवर्णीयांना पाऊल ठेवू न देणाऱ्या माणसाला. बॉंड यांना पुढची वीस वर्षं काम करायचं होतं ते अशा सभागृहांत.

१९६८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागो अधिवेशनात त्यांचं नाव अमेरिकेच्या उपाध्यक्षपदासाठी पुढे आलं. वय २८ असल्याने त्यांनी ते मागे घेतलं, कारण राज्यघटनेची अट ३५ वर्षांची. १९७५ पासून ते राज्याच्या सिनेटमध्ये होते. तिथलं त्यांचं सर्वांत मोठं काम मला मतदारसंघांच्या आखणीतलं वाटतं. अटलांटात कृष्णवर्णीयांचं ठोस बहुमत असलेला काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, मतदारसंघ हवा, असा आग्रह त्यांनी धरला. विधिमंडळाने तो डावलला. १९८२ मध्ये फेडरल न्यायालयाने त्या आखणीमागे वांशिक भेदाचा हेतू असल्याचं म्हटलं आणि पाचवा मतदारसंघ नव्याने आखावा लागला.

१९८६ मध्ये त्याच मतदारसंघातून बॉंड उभे राहिले. समोर होते जॉन लुईस, ‘स्निक’मधले जुने सहकारी. पक्षांतर्गत निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत लुईस जिंकले आणि २०२० मध्ये मृत्यू येईपर्यंत ती जागा त्यांच्याकडेच राहिली. त्या उमेदवारीसाठी बॉंड यांनी सिनेटची जागा सोडली होती. पुढे १९९८ ते २०१० या काळात ते ‘एनएएसीपी’ या नागरी हक्क संघटनेचे अध्यक्ष होते. १५ ऑगस्ट २०१५ रोजी त्यांचं निधन झालं.